खाच बुजली, खंड सुरू झाला

मोबाईलच्या कडेला असणारी मेमरी कार्डाची खाच नाहीशी होत चालली आहे, या घटनेवर पक्षाच्या साप्ताहिकात लेख कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. कांद्याचे भाव, हिरड्याची खरेदी, वनहक्काचे रखडलेले दावे, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे विषय पुढ्यात असताना नखाएवढ्या खाचेची चर्चा म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गाची करमणूक, असेही कुणी म्हणेल. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. खाच बुजवणे हा वरवर तांत्रिक फेरबदल दिसतो. वस्तुतः तो मालमत्तेच्या संबंधांतील फेरबदल आहे. जी साठवण आपण एकदाच पैसे मोजून विकत घेत होतो, तिच्यासाठी आता दरमहा खंड भरावा लागणार आहे. ज्या प्रदेशात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्या कुळाला कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले, त्याच प्रदेशातील माणूस स्वतःच्या कागदपत्रांच्या आणि आठवणींच्या बाबतीत मालकाचा पुन्हा कूळ होतो आहे. समाजवाद्यांनी याकडे पाहायचे नाही, तर कुणी पाहायचे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आजच्या फोनात बसणारे मायक्रो एसडी जातीचे कार्ड २००५ मध्ये या नावाने बाजारात आले. ते स्वस्त होते, एका फोनातून काढून दुसऱ्यात घालता येत होते, आणि त्याला इंटरनेट लागत नव्हते. पुढील आठ-दहा वर्षांत तालुक्याच्या बाजारपेठांतून मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या झळकू लागल्या. भजने, पोवाडे, कीर्तने, नारायणगावच्या फडांचे वग, लग्नाची चित्रफीत, मुलाच्या परीक्षेची टिपणे हे सारे त्या तुकड्यात मावत असे. त्यात कलावंतांच्या स्वामित्वहक्काची पायमल्ली होत होती, हे मी नाकारीत नाही. परंतु साठवणीचे साधन गरिबाच्या खिशात आले आणि ते वापरण्यासाठी त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, ही गोष्ट सामाजिकदृष्ट्या लहान नव्हती.

हे साधन काढून घेण्याची सुरुवात श्रीमंतांच्या फोनांपासून झाली. अ‍ॅपल कंपनीने २००७ साली आयफोन आणला, तेव्हाच त्यात कार्डाला जागा ठेवली नव्हती. गुगलच्या नेक्सस मालिकेतून ती २०१० अखेरच्या फोनापासून गेली. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस-६ मधून खाच काढली, टीका झाल्यावर २०१६ च्या एस-७ मध्ये परत दिली, आणि २०२१ च्या एस-२१ पासून पुन्हा काढली. स्वस्त फोनांत ती अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. म्हणून ‘हा आपल्या लोकांचा प्रश्न नाही’ असे समाधान मानण्याचा मोह होतो. पण या धंद्याची रीत अशी की, महाग फोनात जे आज जाते ते स्वस्त फोनातून चार-सहा वर्षांनी जाते. आग आपल्या आळीत पोहोचेपर्यंत थांबायचे, हे चळवळीचे शहाणपण नव्हे.

कंपन्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. त्या म्हणतात, कार्ड हे फोनातील अंगच्या साठ्याहून मंद असते. हे खरे आहे; पण सातबाराचा उतारा, ग्रामसभेच्या ठरावाचे छायाचित्र किंवा आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण यांना कोठे पोहोचण्याची घाई असते? मंद म्हणावे तर ज्या ढगाची त्या शिफारस करतात, तो डोंगराळ गावातल्या नेटवर्कवर कार्डाहून कितीतरी मंद चालतो. दुसरे कारण असे की, खाच ठेवली तर पाणी शिरते. मग गॅलेक्सी एस-७ हा पाण्याला दाद न देणारा फोन खाचेसह कसा विकला गेला? २०२३ च्या गॅलेक्सी टॅब एस-९ या टॅब्लेटमध्ये जलरोधही आहे आणि खाचही आहे. एकाच कंपनीला टॅब्लेटमध्ये जे जमते ते फोनात जमत नाही, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही. ते हिशेबाच्या वहीत सापडेल.

ती वही उघडून पाहू. २०२३ साली आयफोन-१५ भारतात आला, तेव्हा १२८ जीबी साठवणीच्या फोनाची किंमत ७९,९०० रुपये आणि २५६ जीबीच्या फोनाची ८९,९०० रुपये होती. म्हणजे वाढीव १२८ जीबीचे दहा हजार रुपये. त्याच सुमारास तेवढ्याच क्षमतेचे चांगले कार्ड हजार रुपयांच्या आसपास मिळत होते. अंगचा साठा वेगवान असतो ही गोष्ट जमेस धरली, तरी हा फरक केवळ वेगाचा नाही. ग्राहकाला दुसरा दरवाजाच ठेवलेला नाही, याची ती किंमत आहे.

दहा हजार देऊ न शकणाऱ्यासाठी मग ‘ढग’ येतो. ढग हा शब्दच मोठा फसवा आहे. त्यात आकाशाची निर्मळता आहे, पावसाची उदारता आहे. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर असतो: कुंपण घातलेल्या इमारती, त्यांत रात्रंदिवस चालणारी यंत्रे, त्यांना लागणारी प्रचंड वीज आणि थंडावा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात आपली अशी केंद्रे सुरू केली, त्यांतील एक आपल्या पुण्यातच आहे. ढग म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ.

या यंत्राकडे लोकांना वळविण्याची पद्धत सावकारीच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही. मे २०१५ मध्ये गुगलने छायाचित्रांसाठी अमर्याद फुकट जागा देऊ केली. अट एवढीच की, चित्रे थोडी दाबून ठेवली जातील. कोट्यवधी लोकांनी आपली चित्रे तेथे नेली. नोव्हेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. आता पत्रे, कागद आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी फुकट, पुढे भाडे. अँड्रॉइड फोनांवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांची राखीव प्रत काही वर्षे या मोजणीबाहेर होती. २०२४ पासून तीही त्यात धरली जाऊ लागली. आधी सवय लावायची, मग अवलंबन निर्माण करायचे, मग आकारणी करायची. आणि आकारणी थकली तर? मर्यादेपेक्षा जास्त जागा दोन वर्षे व्यापून ठेवणाऱ्याचा मजकूर काढून टाकला जाऊ शकतो, असे त्याच नियमांत लिहिले आहे. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खातीच पुसण्याचे धोरण लागू झाले. कुळाच्या बेदखलीचे हे नवे कलम आहे. आणि येथे दाद मागायला मामलेदार नाही.

हिशेब साधा आहे. १०० जीबी जागेचे भाडे महिन्याला १३० रुपये धरले तर वर्षाला १,५६० आणि पाच वर्षांत ७,८०० रुपये होतात. पाच वर्षांनंतर हाती काय उरते? काहीच नाही. सहाव्या वर्षी भाडे थांबवले तर आधीचा साठाही धोक्यात येतो. हजार रुपयांचे कार्ड मात्र पाच वर्षांनी जुने झाले तरी आपलेच असते. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची मीमांसा केली ती सुपीक जमीन मर्यादित आहे या नैसर्गिक वस्तुस्थितीवरून. येथे तर निसर्गाची कसलीही कंजूषी नाही. साठवणीची चकती वर्षानुवर्षे स्वस्त होत आली आहे. म्हणून टंचाई कारखान्यात घडवावी लागली आणि खाच बुजवणे हा ती घडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरला. निसर्गदत्त टंचाईवर खंड घेणारा जमीनदार आपण अन्यायी ठरविला. हातांनी टंचाई निर्माण करून खंड घेणाऱ्याला आपण प्रगतीचा दूत का म्हणावे?

मी राहतो ते शिनोली गाव घोड नदीच्या खोऱ्यात, घोडेगावहून डिंभ्याकडे आणि पुढे भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. साठवणीचे राजकारण काय असते, हे या खोऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. वरच्या बाजूला डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, तेच गाव या पाण्याखाली गेले. कालव्यांनी हे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, करमाळ्यापर्यंत जाते. पण ज्यांची खाचरे बुडाली त्या आदिवासी कुटुंबांनी काठावर उभे राहून पाणी पाहिले. धरण बांधूच नये, असे माझे मत नाही. माझे म्हणणे इतकेच की, साठा किती मोठा आहे याहून दरवाज्याची किल्ली कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न मोठा असतो. शिनोलीच्या शेतकऱ्याला उद्या कुणी सांगितले, ‘कालवा आला आहे, आता तुझी विहीर बुजवून टाक’, तर तो काय म्हणेल? मेमरी कार्ड ही विहीर आहे, ढग हा कालवा आहे. कालव्याचे पाणी घ्यावे; पण विहीर बुजवू नये. आणि दुसऱ्याने ती परस्पर बुजविली, तर गप्प बसू नये.

ही उपमा अलंकारासाठी वापरलेली नाही. ग्रामीण माणसाकडून राज्यसंस्था आता कागदाऐवजी मोबाईल मागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या फोनाने पिकाचे छायाचित्र काढून चढवावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करायचा, तर जुने दाखले, पंचनामे, जबाब, नकाशे वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात. अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले, ते इतके तोकडे निघाले की कामाचा बोजा त्यांना पेलेना. दुरुस्तीचा खर्चही सेविकांच्याच माथी आला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. मानधनावर जगणाऱ्या त्या बायांनी ‘साधन पुरेसे द्या, मगच काम मागा’ हा धडा आपल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना शिकवला. नोंदी ठेवण्याची जबाबदारी गरिबावर आणि त्या ठेवण्याच्या जागेचे भाडेही गरिबावर, अशी ही दुहेरी आकारणी आहे.

आता सत्तेचा प्रश्न. ढगातील वस्तू हाती येण्यासाठी वाट चालू असावी लागते आणि ती वाट दुसऱ्याला बंद करता येते. इंटरनेटबंदीच्या घटनांत २०१८ ते २०२३ या प्रत्येक वर्षी आपला देश जगात पहिला होता. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेले वेगवान मोबाईल इंटरनेट फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आले. मणिपूरने मे २०२३ पासून कित्येक महिन्यांची बंदी सोसली. आपल्याकडे जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना-बीड भागांत इंटरनेट बंद झाले. अशा दिवशी लाठीमाराचे चित्रण, जखमींची नावे, वकिलाला द्यायचे कागद ज्याच्या खिशातील कार्डात आहेत तो कार्यकर्ता काम करू शकतो; ज्याचे सारे ढगात आहे तो हात चोळीत बसतो. आंदोलनाच्या पक्षाला एवढे कळायला हवे.

किल्ली परदेशी असते तेव्हा राष्ट्रीय कंपन्यांचीही हीच गत होते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यावर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनार येथील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. भारताचा कायदा मोडलेला नसताना कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. अमेरिकेचा २०१८ चा एक कायदा तर असा आहे की, त्या देशातील कंपनीने माहिती जगात कोठेही साठवली असली, तरी तेथील अधिकारी ती कायदेशीर हुकमाने मागू शकतात. तेलशुद्धीकरण कारखान्याला वकील परवडतो. हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्याला परवडत नाही.

या युक्तिवादावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो आपल्याच तालुक्यातून येतो. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे मेली. घरे गेली, घरांतील प्रत्येक कागद, प्रत्येक चित्र गेले. अशा वेळी खिशातील कार्ड काय कामाचे? दूरवर ठेवलेली प्रतच वाचते. कार्डे बिघडतात, हरवतात, बाजारात बनावटही मिळतात. हे सर्व मला मान्य आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष ‘दोन प्रती ठेवा’ हा आहे. ‘जवळची प्रत बंद करा’ हा नव्हे. घरात धान्य ठेवायचे आणि गावच्या पेवातही ठेवायचे, ही जुनी रीत आहे. पेव आहे म्हणून घरातली कणगी मोडणाऱ्याला कुणी शहाणा म्हटले नसते.

दूरची प्रत आवश्यक आहे, असे एकदा मानले की ती खासगी मक्तेदारीच्या हाती का, असा पुढचा प्रश्न येतो. गरिबाची चार आण्यांची बचत सुरक्षित राहावी म्हणून टपाल खात्याची बचत बँक १८८२ मध्ये, परकीय राजवटीतही, निघाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागे लोकांच्या ठेवी कुणाच्या हुकमतीत असाव्यात, हाच प्रश्न होता. आज लोकांच्या नोंदी या त्यांच्या ठेवीच आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरने नागरिकाच्या स्वतःच्या कागदांसाठी १ जीबी जागा देऊन हे तत्त्व अर्धवट का होईना मान्य केले आहे. ते पुढे न्यायला हवे. अर्थात राज्यसंस्था म्हणजे संत नव्हे; इंटरनेट बंद करणारे हात तिचेच होते. म्हणून सार्वजनिक साठवणीतील कुलपाची किल्ली नागरिकाकडेच राहील, सरकारलाही आतले वाचता येणार नाही, आणि नागरिकाजवळ स्वतःची प्रत असण्याचा हक्क अबाधित राहील, या तिन्ही अटी एकत्र घातल्या पाहिजेत. खाच म्हणूनच हवी. ती कंपनीपासून जसे संरक्षण देते, तसे सरकारपासूनही देते.

आपल्या मागण्या यातून निघतात. पहिली, भारतात विकल्या जाणाऱ्या फोन व टॅब्लेटना काढता-घालता येणारे कार्ड बसविण्याची सोय कायद्याने सक्तीची करा. हे अशक्य नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून सर्व नव्या फोनांना एकाच प्रकारचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे केले. कुरकुर करणारी अ‍ॅपल कंपनीही वाकली. फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी बॅटरीही तेथे बंधनकारक होणार आहे. दुसरी, ही सक्ती येईपर्यंत सरकारी पैशाने विद्यार्थ्यांना, आशा आणि अंगणवाडी सेविकांना दिले जाणारे एकही उपकरण खाचेवाचून घेऊ नका. तिसरी, २०१९ च्या विधेयकात असलेला आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून गळालेला हक्क, म्हणजे आपली सर्व माहिती वापरता येईल अशा रूपात उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क, परत आणा. कुळाला बिऱ्हाड हलविण्याचे तरी स्वातंत्र्य असावे! चौथी, टपाल खात्यामार्फत सार्वजनिक साठवण सुरू करा.

बलाढ्य कंपन्यांपुढे आपले काय चालणार, ही निराशा वस्तुस्थितीला धरून नाही. ‘फ्री बेसिक्स’च्या नावाखाली फेसबुक गरिबांना तुटपुंजे इंटरनेट फुकट देऊ पाहत होते, तेव्हा लाखो नागरिकांनी दूरसंचार नियामकाकडे हरकती पाठविल्या आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांवर बंदी आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधील मक्तेदारीबद्दल गुगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड केला. लोकांचा रेटा असेल तर नियामक हालतात. नसेल तर झोपतात.

तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या कामापासून सुरुवात करावी. वनहक्काचा प्रत्येक दावा, विस्थापितांची प्रत्येक यादी, संघटनेच्या सभासदत्वाची प्रत्येक नोंद दोन कार्डांवर आणि एका कागदी बाडात ठेवावी. एक कार्ड गावात, दुसरे तालुक्याच्या कार्यालयात. वर्षातून एकदा दोन्ही उघडून तपासावीत आणि बिघडलेले बदलावे. फोन घेताना खाच आहे की नाही, हे दुकानदाराला मोठ्याने विचारावे, म्हणजे शेजारच्या गिऱ्हाइकालाही तो प्रश्न सुचेल. ग्रामसभांनी सरकारी खरेदीबाबत ठराव करून तहसीलदारांमार्फत वर पाठवावेत. कुळकायदा दिल्लीतून कुणी दयेने पाठवला नव्हता. बांधाबांधावर खंड नाकारणाऱ्या माणसांनी तो घडविला. नव्या खंडाची पहिली पावती आपल्या खेड्यात पोहोचण्याआधी ती का देऊ नये, हे लोकांना समजावून सांगणे एवढे काम तरी आपण याच वर्षी अंगावर घेऊ या.